आईने वॉर्डात घेतलेला उखाणा

देवी आपलं ऐकते का, अशी शंका कॉलेजात गेल्यापासून मला अधूनमधून येत असे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे ही शंका बोलून दाखवायलाही कोणी नव्हतं. अशातच एका वर्षी दिंडोरीजवळच्या आमच्या गावाहून वडिलांना, म्हणजे दादांना, टायफॉइडच्या तापात नाशिकला आणलं, गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात. पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं, म्हणून सलाइन लावलं होतं. ताप हटत नव्हता आणि मी फार घाबरले होते.

आईला काळजी वेगळीच होती. दादांचं तोंड गडावरच्या देवीकडे नव्हतं. शेजारच्या खाटेवरचे निवृत्तीबाबा मात्र नेमके त्या दिशेला तोंड करून झोपले होते, आणि तेही फुकट, असं तिचं म्हणणं. बाबांना खिडकीचा वारा सोसत नव्हता, ते आनंदाने खाट बदलायला तयार झाले. मग आम्ही दोघींनी दादांना सलाइनच्या स्टँडसकट हलवलं. सिस्टरांना सांगावं, हे कोणाच्या मनातही आलं नाही. खिडकीतून गड दिसत नव्हता, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसत होती. आईने तिलाच हात जोडले आणि मला म्हणाली, "डोळे मीट अन् देवीचं नाव घे. मधी अजिबात बोलायचं नाय."

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, आई भगवती, असशील तर काहीतरी खूण दे. तेवढ्यात पावलं वाजली. नव्या पाळीच्या सिस्टर सलाइनच्या नळीतून द्यायचं इंजेक्शन घेऊन आल्या होत्या.

"निवृत्ती ना तुम्ही?"

"हो," दादा तापातच म्हणाले. डॉक्टर, तलाठी, मास्तर, कोणीही काही विचारलं की हो म्हणायचं, ही त्यांची जन्माची सवय.

"अवो बाई, हे निवृत्ती नायत!" आई ओरडली.

"मग नाव काय यांचं?"

लग्न झाल्यापासून आईने दादांना नावाने कधी हाक मारली नव्हती. तिने मला बरगडीत कोपराने ढोसलं. मला वाटलं, देवी परीक्षा बघतेय. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

"मावशी, लवकर सांगा. ते स्वतः हो म्हणालेत."

"घे गं पोरी, लाजती काय!" पलीकडून निवृत्तीबाबा आईला म्हणाले.

आईने पदर डोक्यावर घेतला असावा, कारण बांगड्या वाजल्या.

"गडावरच्या देवीला हिरवा चुडा, हिरवा खण,
रंगनाथरावांचं नाव घेते, बाई, थांबा एक क्षण!"

सगळ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मी डोळे उघडले. सिस्टर तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांनी दादांचा कागद पाहिला आणि हातातली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. ते औषध निवृत्तीबाबांचं होतं. दादांच्या कागदावर लाल शाईने त्याच औषधाला मनाई लिहिली होती, कारण पूर्वी एकदा त्याने त्यांचा श्वास कोंडला होता.

"खाट बदलायची तर आधी मला सांगायचं!" त्या आमच्यावर कडाडल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि मीही आता नाव सांगून हो म्हणवून घेणार नाही. तुमच्याच तोंडून ऐकेन."

हा चमत्कार होता की आईची लाज, मला सांगता येत नाही. खूण मागितली मी, आणि ती बरगडीत बसली तरी मला कळली नाही. तेव्हापासून देवीपुढे हात जोडते, पण तिने कसं यावं हे ठरवत नाही. आणि डोळे उघडे ठेवते.

दादांचा ताप उतरत गेला. ते नीट शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी त्यांना विचारलं, "बाबा, नाव काय तुमचं?"

दादांनी ओठ घट्ट मिटले आणि आईकडे बोट केलं.