मी सांगेपर्यंत हलायचं नाही

नौदलातून निवृत्त होऊन नाशिकला परतलो, तेव्हापासून मी गंगापूर धरणावर नेव्हल कॅडेट पोरांना होडी वल्हवायला शिकवतो. चौदा-पंधरा वर्षांची मुलं-मुली. त्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली आणि वरून निरोप आला, हवाई हल्ल्याचा सरावही घ्या.

सकाळचे नऊ वाजले असतील. पाणी बरंच आटलेलं, काठाला भेगाळलेला गाळ. मी बजावलं, "शिट्टी वाजली की पालथं पडायचं, कान झाकायचे. मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही."

शिट्टी वाजवली. चौदा जण एकदम आडवे झाले. तेवढ्यात बायकोचा फोन आला. आमचा मुलगा युद्धनौकेवर. चार दिवस त्याची काहीच खबर नव्हती. "त्याचा मिस्ड कॉल येऊन गेलाय," ती म्हणाली आणि रेंज गेली. मी धावत बांधावर चढलो, त्याचा नंबर लावत राहिलो. दरवेळी फोन बंद.

किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आलो तो शांततेमुळे. चौदा पोरं जवळपास असताना अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. खाली पाहिलं. गाळावर पांढऱ्या गणवेशातले चौदा देह, पालथे, जसेच्या तसे. एक टिटवी त्यांच्यामधून निवांत चालत होती.

धडपडत उतरलो. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची मुलगी कडेला होती. तिच्या मनगटावरून मुंग्यांची रांग बाहीत शिरत होती. तरी ती हलली नाही. मी गुडघ्यांवर बसून तिच्या खांद्याला हात लावला. खांदा उन्हाने तापला होता.

"सर, उठू का?" तोंड न उचलता तिने विचारलं.

"ऊठ बाळा. उठा रे सगळे."

पोरं उठली, कपडे झटकत हसायला लागली. "सर, पास ना आम्ही?" एकाने विचारलं.

"मी फोनवर होतो. तुम्हाला विसरलो," मी म्हणालो.

कुणी रागावलं नाही. ती मुलगी बाही झटकत म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही बघताय."

पुढच्या दोन दिवसांत लढाई थांबली. मुलाचा फोन आला, तो सुखरूप होता. त्याला यातलं काही सांगितलं नाही. तो सराव मी दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवला. वल्हवायला मात्र अजून मीच शिकवतो. पोरं गप्प झाली की उगाच कुणाला तरी हाक मारतो.