पन्हाळ्यावरून न दिलेलं उत्तर

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, मलाही धड ठाऊक नाही.

संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. मी बिनतारी खात्यात हंगामी होतो. सूक्ष्मलहरी नाकासमोर चालणाऱ्या — मध्ये डोंगर आला की संपलं. मध्ये काही आड येत नाही, असं साहेबांनी नकाशावरून डोंगरांचा छेद काढून ठरवलं होतं, पण नुसत्या कागदावर मनोरा कोण उभारणार? म्हणून आरसा. गारगोटीकडच्या डोंगरावरून एकानं उन्हाचा कवडसा पाडायचा, पन्हाळ्यावरून दुसऱ्यानं तो बघून उलट पाडायचा. उत्तर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम.

पन्हाळ्यावर मी, गारगोटीकडे श्रीपती. माझ्यासारखाच हंगामी. भला माणूस — इतका भला की राग यायचा. दोघांतला एकच कायम होणार होता, आणि साहेबांच्या तोंडी सदा त्याचंच नाव.

आदल्या दिवशी वळीव पडून गेल्यानं हवा स्वच्छ होती. कवडसा दिसला. सकाळीच, अगदी लख्ख. माझा आरसा — हातात होता हो! मी तो पिशवीत ठेवला. एकदा तरी याची फजिती होऊ दे, म्हटलं. एवढंच? एवढंच. भर दुपारीही तो उजेड लुकलुकत होता. उन्हं कलली तेव्हा नव्हता. कंटाळून उतरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तो उतरला नव्हता. धनगरांनी त्याला उचलून खाली आणला. ऊन लागलं होतं. वाचला नाही.

उजेड दिसलाच नाही, असं मी साहेबांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं पाडलेला कवडसा सगळ्यांना दिसला. म्हणजे डोंगर आड नव्हता, श्रीपतीच उन्हात झोपला होता — साहेबांनी हिशेब मांडला. कायम मीच झालो.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. न जाणं डोळ्यांवर आलं असतं. त्याची बायको उंबऱ्यात आली.

“पावणं, आमचं मालक कामावर झोपलतं म्हनत्यात. झोपणारं न्हवतं की वो त्ये! तुमास्नी उजेड दिसलता न्हवं?”

“न्हाय,” मी म्हणालो.

तिनं पदर तोंडाला लावला. मग आत गेली, आणि मी उन्हातून आलोय म्हणून गूळपाणी घेऊन आली.

मी ते सगळं प्यालो.