तेलाच्या टाकीचा जिना

मी कारखान्यांसाठी लोखंडी जिने आणि शिड्या तयार करते. धायरीत आमची फॅब्रिकेशनची शेड आहे. ड्रॉइंग माझं, वेल्डिंग आमच्या माणसांचं. कसब्यात राहणारी माझी आत्या अजून विचारते, "अगं, शिडीत कसलं आलंय डिझाइन?" मी म्हणते, "पडलेल्या माणसाला विचार." तिला राग येतो, पण माझा नाइलाज आहे.

मुळात लोक दोन्हींना शिडीच म्हणतात, तिथूनच माझं डोकं फिरतं. जिन्याला पायरी असते, शिडीला नुसते दांडे. जिना माणूस पुढे बघत उतरतो. शिडी उतरताना जगाकडे पाठ करावी लागते. शिडीवर दोन्ही हात गुंततात, जिन्यावर एक हात कठड्याला पुरतो आणि दुसऱ्यात सामान धरता येतं. एवढं कळलं की निम्मं डिझाइन झालं.

मध्यंतरी खडकवासल्याच्या वाटेवरच्या एका छोट्या कारखान्याने तेलाच्या टाकीसाठी शिडी मागितली. टाकीवर चढून तपासणीचं तेल डब्यात काढून आणायचं काम एका काकांकडे होतं. अमरावतीकडचे, निवृत्तीला आलेले, गुडघा कुरकुरणारा. मॅनेजर त्यांच्यासमोरच म्हणाला, "जागा नाही, सरळ उभी शिडी द्या. काकांना नाही जमलं तर दुसरा माणूस बघू." काका डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिले. त्यांना घरी बसायचं नव्हतं, हे कोणालाही दिसलं असतं.

"देते की शिडी," मी म्हटलं. "भरलेला डबा दातात धरणारा माणूस तेवढा तुम्ही शोधा."

जिनाच बसवला. जागा कमी होती म्हणून कोपऱ्यात वळवला आणि वळणावर उभं राहण्यापुरता टप्पा दिला. पायऱ्या जाळीच्या, म्हणजे तेल सांडलं तरी साचत नाही. सगळ्यांची उंची अगदी सारखी, कारण पाय पहिल्या पायरीवरूनच पुढच्यांचा अंदाज बांधतो. कठड्याचा पाइप नेमका मुठीत मावणारा. त्या पाइपचा मला विशेष अभिमान आहे.

खंडेनवमीला त्यांनी पूजेला बोलावलं. यंत्रांबरोबर कामगारांनी हौसेने माझा जिनाही सजवला होता; कठड्याच्या पाइपला वरपासून खालपर्यंत झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. क्षणभर मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात काका डबा घेऊन उतरायला लागले. त्यांच्या मुठीत पाइपऐवजी माळ आली, ती गर्रकन फिरली आणि काका टप्प्यावर धपकन बसले. तेल जाळीतून खाली गळलं. लागलं काही नाही, पण मॅनेजरने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "बघितलंत? जिना देऊनही जमत नाही. काका, सणानंतर आराम करा आता."

माझं टाळकंच सरकलं.

"अहो, आपण जरा खालच्या दोन-चार पायऱ्या चढा," मी त्याला रिकामा डबा दिला. "आणि कठडा धरून उतरून दाखवा."

सगळे बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. तो चढला. उतरताना माळ त्याच्याही मुठीत फिरली आणि त्याने डबा सोडून दोन्ही हातांनी कठड्याला मिठी मारली. डबा खणखणत माझ्या पायाशी आला. कोणी हसलं नाही, म्हणून मीच हसले.

मग माळा सोडवल्या. पूजेची फुलं काढतात का, म्हणून थोडी कुरबुर झाली. मी त्या टाकीच्या खांबाला बांधायला लावल्या.

"या काका, पुन्हा एकदा."

"पाय थरथरून राहिला ना, मॅडम."

"थरथरू दे. कठडा सोडू नका."

काका वर गेले, डबा भरला. उतरताना टप्प्यावर थांबले. मग निघाले. एक हात पाइपवर, दुसऱ्यात भरलेला डबा आणि तोंड आम्हा सगळ्यांकडे. खाली येऊन त्यांनी डबा मॅनेजरच्या हातात ठेवला.

"परवा नमुना सकाळीच काढू ना, साहेब?"

मॅनेजरच्या तळव्यांना अजून झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. "हो काका," तो म्हणाला. "सकाळीच काढा."