स्टॉप हलवणाऱ्याच्या घरची हळद

मंडळी, आज मी इतकी खूश आहे की घरातले मला दुष्ट म्हणतायत.

पडघ्याकडच्या आमच्या गावात बसस्टॉप दामूशेठच्या बंगल्यासमोर होता. लोक दारात थुंकतात म्हणून तक्रारी करकरून शेठने तो गावाबाहेर, गोदामांच्या वळणावर, नेमका माझ्या दारात आणला. आता लोक माझ्या पायरीवर थुंकतात. मी भांडायला गेले तर म्हणाला, "वयनी, पब्लिकचा स्टॉप हाय, सहन करायला शिका."

आज त्याच्या पोराची हळद. दुपारी बसमधून माझ्या दारात पाहुणे उतरले. भारी साड्या, डोक्यावर आहेराच्या पिशव्या, आणि म्हाताऱ्या आईला धरून नवरदेवाचा मामा. आमच्याकडे मामाचा मान मोठा. तो रुसला की मांडव गप्प.

सगळ्यांना मी गार पाणी दिलं. कुणी शेठचं घर विचारलं की आधी स्टॉपची गोष्ट सांगितली, मग रस्ता दाखवला. मामाला तर दोनदा सांगितली. बिचारी म्हातारी ट्रकांच्या धुळीतून चालत गेली.

तासाभरात शेठचा फोन. "मामा मांडवाबाहेर बसलाय! आत यायला तयार न्हाय! काय सांगितलंत त्याला?"

"खरं तेच सांगितलं. पब्लिकचा स्टॉप आहे शेठ, सहन करायला शिका."

उद्या लग्नही इथेच आहे आणि मुलीकडचे बसनेच येणार आहेत. माठ मी आताच भरून ठेवलाय.

खरंच दुष्ट आहे का हो मी?