पायलटचा रकाना

"तुमच्यात हे चालत नाही ना?" मॅनेजर हसून म्हणाले आणि माझ्या हातातला ड्रोनचा रिमोट काढून ओंकारच्या हातात दिला. ओंकार म्हणजे नवा इंजिनिअर. त्याच्याकडे ड्रोन उडवायचा परवाना नव्हता.

खंडेनवमीची सकाळ. चाकणच्या आमच्या यार्डात नव्या गाड्या उभ्या असतात. त्यांची मोजदाद माझ्याकडे. बारा वर्षं उन्हातान्हात पायी हिंडून मोजल्या. मग कंपनीनं ड्रोन घेतला आणि मला प्रशिक्षणाला पाठवलं. सेहेचाळिसाव्या वर्षी परीक्षा दिली, पास झाले. गेटवर माझा फोटो लागला. 'आमची पहिली महिला पायलट.'

कंपनीत रीत अशी, की ज्याचं यंत्र त्यानं पुजायचं आणि त्यानंच पाहुण्यांसमोर चालवून दाखवायचं. मी बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरानं नारळ फोडलेला नाही. मॅनेजरना ते ठाऊक होतं. 'चालतं' म्हणावं तर आजोबांना खोटं पाडायचं. 'चालत नाही' म्हणावं तर यंत्र हातचं जाणार. मी गप्प बसले. चूक तीच.

"मॅडम, तुम्ही पेढे बघा."

मी पेढे वाटले. पायलट.

ओंकारनं ड्रोनला कुंकू लावलं. नेमकं पुढच्या सेन्सरवर, जिथून यंत्राला अडथळा दिसतो तिथं.

"ओंकार, ते पुसून घे."

"अहो ताई, देवाचं आहे. काही होत नाही."

पाहुणे हसले. ड्रोन उडाला, थेट दिव्याच्या खांबावर आदळला आणि एका कोऱ्या गाडीच्या काचेवर पडला. काच फुटली. कोणाला लागलं नाही, एवढंच.

अर्ध्या तासानं मॅनेजर उड्डाणाची नोंदवही घेऊन आले. "पायलटच्या रकान्यात तुमचं नाव घाला. परवाना तुमचाच आहे. ओंकारचं करिअर आहे पुढं, समजून घ्या."

फोर्कलिफ्टवाले बबनराव जवळच उभे होते. "ताई, सही करू नका. आमी समद्यांनी बघितलंय."

"काय बघितलंत, बबनराव?" मॅनेजरनी वळून विचारलं.

बबनराव फोर्कलिफ्टवर जाऊन बसले.

वही माझ्यासमोर. पूजेला माझं नाव नको होतं. काच फुटल्यावर हवं होतं. त्या क्षणी माझ्या डोक्यातला बारा वर्षांचा 'हो सर' संपला.

मी लिहिलं. पायलट : ओंकार. परवाना : नाही. कारण : सेन्सरवर कुंकू. मोठ्यानं वाचून दाखवलं. खाली माझी सही केली, नोंद घेणारी म्हणून.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले तर गेटवरचा फोटो उतरवलेला. नवा ड्रोन आला, तो मॅनेजरच्या केबिनमध्ये कपाटात. मी पुन्हा पायी मोजते. दोन मुलं शिकताहेत, घराचे हप्ते आहेत. नोकरी सोडून जाणार कुठं? रोज सकाळी केबिनमध्ये जाते, ड्रोनची लेखी मागणी करते. 'बघू' म्हणतात. ते 'बघू'सुद्धा तारखेसकट लिहून ठेवते.

काल म्हणाले, "मॅडम, थोडं जुळवून घ्या. पुढच्या खंडेनवमीला नारळ फोडायचं कबूल करा, आत्ता कपाटाची किल्ली देतो."

म्हटलं, "नारळ फोडणार नाही. ड्रोन मीच उडवणार. दोन्ही लिहून देऊ?"

मी लिहून दिलं. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही. उद्या पुन्हा जाणार.