वहीतले साठ थाऊ

मी आयुष्यात एकाच माणसावर हात उचलला आहे. तो पासष्टीचा होता, स्वतःच्या शेडमध्ये चहाचा मग घेऊन उभा होता, आणि खरं बोलत होता.

माझा धाकटा भाऊ पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत मेकॅनिकल इंजिनिअर होता. मी सिडनीला, क्वेकर्स हिलमध्ये राहतो आणि एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो. लहानपणी माझी भांडणं तो करायचा. मी चार वर्षांनी मोठा, पण कुणी माझं दप्तर हिसकावलं की धावून जायचा तो, आणि मी कडेला चष्मा सांभाळत उभा. एकदा त्याने एका मुलाचं डोकं शाळेच्या नळाच्या कठड्यावर आपटलं. रक्त बघून मी ओकलो. तो माझी पाठ चोळत हसत होता.

कालगुर्लीला त्याने सत्तरच्या दशकातली एक दोन दारांची गाडी घेतली. आत बिग-ब्लॉक, म्हणजे आठ सिलिंडरचं अवाढव्य ओतीव लोखंड. त्याचा त्याला स्ट्रोकर करायचा होता. ब्लॉक तोच ठेवायचा, पण आतला क्रँक, म्हणजे पिस्टनना वरखाली करणारा दांडा, जास्त लांब फेकीचा घालायचा, की पिस्टन अधिक खाली जातो, अधिक वर येतो आणि प्रत्येक वेळी जास्त पेट्रोल पेटतं. शर्यतीसाठी नव्हे, रस्त्यावर चालवायला. रविवारी फोनवर तो मला हे तासभर सांगायचा. सिडनीला आणून या गाडीतून तुला गिरावीनच्या भारतीय दुकानांत कढीपत्ता आणायला नेणार, असं म्हणायचा. मी विचारलं, कढीपत्त्याला एवढी ताकद कशाला लागते.

"कढीपत्त्याला नाही दादा, तुला लागते," तो म्हणाला.

दोन वर्षं तो एका दोनशेपानी वहीत आराखडा मांडत होता. क्रँकची फेक, पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या रॉडची लांबी, कॉम्प्रेशन, कॅम. पहिल्याच पानावर चौकट आखून लिहिलं होतं: सिलिंडर साठ थाऊने मोठे करायचे. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले साठ, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर.

एका संध्याकाळी तो मित्राची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन एकटाच पर्थला निघाला होता. कांगारू आडवा आला. यूट तीनदा उलटली. ओळख पटवायला मी गेलो. त्याची छाती डावीकडे आत गेली होती. कानातून आलेलं रक्त कुणीतरी पुसलं होतं, पण नीट नाही. नखांत मात्र रोजचंच काळं ग्रीस होतं.

दहाव्या दिवशी नेपियन नदीच्या काठावर आम्ही पिंड ठेवला. बायकोने फोन उंच धरला होता, पुण्याहून आई-बाबा बघत होते. इथले कावळे अंगाने मोठे, डोळे पांढरे, आणि ओरडणं एखाद्याचा गळा दाबल्यासारखं. पाच-सहा जण निलगिरीच्या झाडावर बसून होते. तासभर एकही खाली येईना. मी म्हणालो, आई-बाबांकडे बघेन. काही नाही. बायकोला घरी न्यायला हवं होतं, ती तासभर उन्हात उभी होती.

"त्याचं काय राहिलंय ते बोल," बाबा फोनमधून म्हणाले. "तुला माहीत आहे."

मी मोठ्याने म्हणालो, तुझं इंजिन मी बांधेन, वहीत आहे अगदी तसंच, एक आकडा बदलणार नाही. दोन कावळे एकदम उतरले. त्यांनी पिंड असा फाडला की भात माझ्या पायांवर उडाला, मग एकाने दुसऱ्याच्या मानेत चोच घातली. बाबा तिकडे रडत होते. मला ते दृश्य बघताना बरं वाटलं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग मी वहीतून एकेक वस्तू मागवली. क्रँक, रॉड आणि साठ थाऊ मोठे पिस्टन. भावाच्या घरी राहणाऱ्या मित्राने ब्लॉक लाकडी फळीवर बांधून ट्रकने पाठवला. पश्चिम सिडनीत एक म्हातारा आपल्या शेडमध्ये इंजिनं कापून-घासून देतो, त्याच्याकडे मी तो उतरवला. पिस्टनचा खोका बघून त्याने भुवई उचलली. ब्लॉक मोजायच्या आधी पिस्टन घेतो तो कोण, असं विचारलं. मी म्हणालो, सगळं लिहिलेलं आहे.

चार दिवसांनी त्याने बोलावलं. त्याच्याकडे एक छोटं यंत्र आहे, बाहेरून न दिसणारी सिलिंडरच्या भिंतीची जाडी ते आवाजाने मोजतं. ओतताना साचा सरकला की भिंत एका बाजूला पातळ होते.

"तीस, मेट," तो म्हणाला. "साठ कापलं तर भिंत फाटेल. भिंतीमागचं थंडाव्याचं पाणी आत, रॉड बाहेर. बोनेट बंद असेल अशी आशा कर."

मी म्हणालो, साठ. तो म्हणाला, हे पिस्टन परत पाठव. मी पुन्हा म्हणालो, साठ, माझ्या भावाने दोन वर्षं विचार करून लिहिलंय.

"तुझ्या भावाने अंदाज लिहिलाय."

माझी मूठ त्याच्या तोंडावर कशी गेली ते मला आठवत नाही. त्याच्या हातातला चहाचा मग फुटला, म्हातारा बाकावर आपटला, स्पॅनर खडखडत खाली आले. तो उठेपर्यंत मी पुन्हा मारलं, खांद्यावर, कानावर, जिथे बसेल तिथे. मला थांबायचं नव्हतं. नदीकाठी बघताना वाटलं होतं तेच आता हातात उतरलं होतं. मग त्याने एकदाच माझ्या पोटात मारलं. मी तेलकट सिमेंटवर पडलो आणि त्याने माझ्या पाठीवर गुडघा ठेवला. जड माणूस होता.

"झालं?" त्याने विचारलं.

त्याने गुडघा काढला, ओठावर फडकं दाबलं आणि बाकावरची वही माझ्यापुढे टाकली. याच ब्लॉकच्या भिंतीची जाडी यात कुठे लिहिली आहे ते दाखव, म्हणाला. दाखवलीस तर आत्ता साठ कापतो.

वाचणं हे माझं काम आहे. जमिनीवर बसून मी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, समासातल्या खुणांसकट. म्हातारा स्टुलावर बसून रक्त थुंकत होता. चाळीस मिनिटं गेली असतील. जाडी कुठेच नव्हती. शेवटून तिसऱ्या पानावर फक्त एवढंच: ब्लॉक तपासून घेणे. पुढे प्रश्नचिन्ह.

"तीस," मी म्हणालो.

पोलिसांना त्याने बोलावलं नाही. त्याच्या पडलेल्या दाताचं मी विचारलं तेव्हा म्हणाला, तसाही हलतच होता.

त्या रविवारी मी बाबांना सांगितलं की आकडा बदलला. मी ब्लॉकची गोष्ट समजावत होतो, ते ऐकत नव्हते.

"मग त्या दिवशी कावळ्याशी खोटं बोललास?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला. नंतरचे दोन महिने फोन आईच घेत होती.

तीस थाऊचे नवे पिस्टन आले तेव्हा म्हाताऱ्याने मला बोलावलं. सिलिंडर कापून झाले होते. त्याने क्रँक बसवला, एका रॉडला पिस्टन लावून आत उतरवला आणि क्रँक हाताने फिरवला. अर्ध्यात खण्ण आवाज होऊन तो अडकला. फेक लांबल्यामुळे रॉडचा बोल्ट सिलिंडरच्या खालच्या काठावर आपटत होता. तिथे खाच घासावी लागते, जास्त घासली तर पलीकडे पाण्याची जागा उघडी पडते. सगळं पुन्हा बाहेर काढून त्याने ग्राइंडर आणि एक पेपरक्लिप माझ्या हातात दिली. बोल्ट आणि काठ यांच्यामधून ही तार गेली पाहिजे, म्हणाला.

मी वही उघडू लागलो. याचा आकडा त्यात नसतो, तो म्हणाला, प्रत्येक ब्लॉकला वेगळा.

"किती घासू?"

"थोडं. मग बसव, फिरव, बघ. मग पुन्हा थोडं."

मी वही बंद करून त्याच्याकडे दिली. डोळ्यांवर गॉगल चढवला. ग्राइंडर लोखंडाला लागला तसा तो हातातून निसटायला बघू लागला, ठिणग्या गळ्यापर्यंत आल्या. मी दोन्ही हातांनी दाबून धरला आणि भावाच्या ब्लॉकचा पहिला काठ कापला.