ऑक्टोबरची अर्धी पोळी

जेवण महाग झालंय हे इथल्या, अमेरिकेतल्या सरकारला वर्षातून एकदा कळतं. ते ऑक्टोबरात कळतं. बाकीच्यांना ते दर आठवड्याला दुकानात कळतं, पण सरकारचं कळणं अधिकृत असतं, आणि ते कॉम्प्युटरात भरायचं काम माझ्याकडे आहे.

म्हणजे असं, की ज्यांची मिळकत कमी त्यांना किराण्यासाठी सरकार दर महिन्याला एका कार्डावर पैसे टाकतं. जुनी माणसं त्याला अजून फूड स्टॅम्प म्हणतात. महागाई बघून त्याचे आकडे दर ऑक्टोबरात बदलतात. वरून नवे तक्ते येतात, आणि राज्याचं काम घेणाऱ्या एका कंपनीत बसून आमची टीम ते सिस्टिममध्ये लोड करते, टेस्ट करते आणि सप्टेंबरभर एकमेकांवर खेकसते. मी व्हिसावर आहे, त्यामुळे मला स्वतःला ते कार्ड मिळायचं नाही. मागितलंय कुणी म्हणा.

नेपरव्हिलमध्ये आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक काकू राहतात. मूळच्या सांगलीच्या. काकांचं छोटंसं दुकान होतं, ते त्यांच्या आजारपणात विकावं लागलं, आणि पैसे संपल्यावर काकाही गेले. मूलबाळ नाही. ‘तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं,’ असं काकू स्वतःच म्हणतात आणि धुपाटणं म्हणताना आपल्या अपार्टमेंटकडे बोट करतात.

आम्ही नवरा-बायको तिथं राहायला आलो त्याच आठवड्यात काकू जिना चढून आल्या. हातात स्टीलचा डबा, डब्यात भरली वांगी. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे मला नागपूरला आईनं चापट मारून शिकवलं होतं. मी त्यातून पाटोडी पाठवली. मग माझा डबा खाली गेला, तो थालीपीठ घेऊन वर आला. असं कधी आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं चालायचं, आणि कुणाला त्याचा जाच नव्हता.

मग एकदा इंडियन ग्रोसरीत मी लाइनमध्ये काकूंच्या मागे उभी राहिले. त्यांना मी दिसले नव्हते. तूरडाळ, पोहे, मेथीची जुडी, तेल. त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. ते कार्ड मी झोपेतही ओळखीन. काकूंनी मागे वळून बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलं.

“बघितलंस ना?” पार्किंगमध्ये त्या म्हणाल्या. “बघितलंस तर बघितलंस. महाराष्ट्र मंडळात बोभाटा करू नकोस. आणि चेहरा असा करू नकोस, मी मेले नाहीये.”

मी चेहरा सरळ केला, पण घरी येऊन मला राहवेना. आपण रोज स्क्रीनवर ज्यांचे आकडे बदलतो त्यातली एक बाई आपल्या पायाखाली राहते, आणि आपण तिची भरली वांगी मिटक्या मारत खातो. मला स्वतःचा रागच आला, आणि राग आला की मी स्वयंपाक करते. त्या आठवड्यात मी काकूंना तीन डबे पाठवले. उसळ, वरण-भात, भाजी-पोळी. पुढच्या आठवड्यातही तेच. आता काकूंची सोय झाली, असं मला वाटलं आणि मी खूश झाले.

डबे परत यायला लागले. उसळीच्या डब्यातून बेसनाचे लाडू आले. वरण-भाताच्या डब्यातून मेथीचे पराठे. मी भोपळ्याची भाजी पाठवली, त्यावर काकूंनी पुरणपोळ्या धाडल्या. मला वाटलं, बाईंना करायची हौस आहे, करू देत. आमची दोघांची वजनं वाढली.

“मला एक कळत नाही,” नवरा लाडू खाता खाता म्हणाला. “आपण त्यांना मदत करतोय, की त्यांच्याकडे खानावळ लावलीय?”

मी त्याला म्हटलं, गप बस. तो पुण्याचा आहे. त्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं आणि नको तेव्हा असतं.

ऑक्टोबर आला, आकडे वाढले. काकूंची वाढ तेलाच्या एका बाटलीएवढी होती, आणि तेवढ्यात तेलच महाग झालं होतं. तरी, माझी नोकरी कसली हे ठाऊक असल्यानं, काकू वर आल्या आणि मला म्हणाल्या, “वाढवलंस गं बाई. देव तुझं भलं करो.” मी सांगितलं की मी फक्त आकडे लोड करते, ते ठरवणं माझ्या हातात नाही. त्यांना तो विनय वाटला.

जानेवारीत त्या परत वर आल्या. या वेळी बसल्या नाहीत.

“कार्डावर कमी आलेत. तू काय केलंस?”

मी काही केलं नव्हतं. जानेवारीत काकूंना मिळते ती सोशल सिक्युरिटीची सरकारी पेन्शन वाढते, तीही महागाईमुळेच. पेन्शन वाढली की माणसाची मिळकत वाढली असं धरतात, आणि मिळकत वाढली की किराण्याचे पैसे कमी होतात. मी त्यांना हे नीट समजावून सांगितलं. कामावर मी हे नव्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते.

“म्हणजे महागाई वाढली म्हणून पेन्शन वाढली,” काकू म्हणाल्या, “आणि पेन्शन वाढली म्हणून डाळ कमी झाली.”

“हो. पण वाढलं जास्त, कमी झालं थोडंच.”

“भाडंही वाढलंय. ते धरलंस?”

“भाड्याची सूट असते. वाढलेलं कळवावं लागतं. पण पेन्शन वाढली की ती सूटच कमी होते, त्यामुळे फार फरक पडत नाही.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “तुझ्या हातात नाही.”

“नाही.”

“मग काय उपयोग तुझ्या नोकरीचा?” त्यांनी हे रागानं विचारलं नव्हतं.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खालचा स्मोक अलार्म ओरडायला लागला. बाहेर बर्फ पडत होतं. मी तशीच चपला अडकवून पळाले. काकूंचं दार सताड उघडं, घरात तळणाचा धूर, आणि काकू स्टुलावर उभ्या राहून अलार्मला वर्तमानपत्रानं वारा घालतायत. गॅसवर कढईत शंकरपाळे. ओट्यावर माझा डबा, झाकण काढून तयार ठेवलेला. दोन दिवसांपूर्वी मी त्यातून मटकीची उसळ दिली होती.

मी त्यांना खाली उतरवलं, गॅस बंद केला. टेबलावर त्यांचं ताट वाढलेलं होतं. ताटात भात होता आणि लिंबाच्या लोणच्याची फोड होती. मी फ्रिज उघडला. दुसऱ्याचा फ्रिज असा उघडायचा नसतो, पण उघडला. दूध होतं, अर्धी मिरची होती, आणि बाकी नुसता आतला दिवा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही नवऱ्याच्या वाक्याचा. मी पाठवायचे एका वेळची उसळ. त्या एका उसळीपायी बाई मैदा, साखर, तूप आणायच्या आणि तळत बसायच्या. जितकी मी मदत करत होते तितकं त्यांचं कार्ड लवकर रिकामं होत होतं. सरकारनं काढलं ते चमचाभर, बाकी मी काढत होते.

“काकू, हे काय चाललंय?” मी म्हटलं. “हे शंकरपाळे आम्हाला आणि भात-लोणचं तुम्हाला?”

“मग रिकामा डबा देऊ? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

“साखर घाला चमचाभर. माझी आई काही नसलं की साखर घालायची.”

“काही नसलं की,” काकू म्हणाल्या. “तेच तुझ्या घरी पाठवू? डब्यात घालून?”

“मला माहीत आहेच ना.”

“तुला माहीत असणं वेगळं, आणि मी तुझ्या हातात देणं वेगळं.” त्यांनी शंकरपाळे झाऱ्यानं निथळले, डब्यात भरले, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात ठेवला. “यापुढे पाठवू नकोस. मला करणं होत नाही आता.”

मी डबा घेऊन वर आले आणि रडले. नवऱ्यानं डबा उघडून बघितला आणि बंद करून ठेवला. ते शंकरपाळे आमच्याकडे कुणी खाईना, आणि टाकवतही नव्हते.

फेब्रुवारी तसाच गेला. जिन्यात भेटल्या की काकू थंडीबद्दल बोलायच्या. मी रोज स्वयंपाक करताना हात आखडून करायची, आणि खाली काय शिजलं असेल याचा वास घ्यायची. काहीच वास यायचा नाही. पाठवावं तर त्यांना परत काहीतरी तळावं लागणार, न पाठवावं तर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. नवरा म्हणाला, पैसे देऊन बघ. मी म्हटलं, तू देऊन बघ, आणि हाडं गोळा करायला मला बोलाव.

महिनाअखेरीला संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू. अंगात काकांचा जुना कोट, हातात स्टीलचा डबा. माझा नव्हे, त्यांचा. मी घ्यायला हात पुढे केला आणि वजनावरून कळलं की तो रिकामा आहे.

“आज काय केलंयस?” काकूंनी विचारलं. माझ्याकडे न बघता, आमच्या चपलांच्या स्टँडकडे बघत.

“आमटी. दोडक्याची भाजी. पोळ्या.”

“मग घाल थोडं. रिकामा डबा परत द्यायचा नाही असं मला शिकवलंय. रिकामा घेऊन यायचा नाही असं कुणी शिकवलेलं नाही. मी महिनाभर आठवून बघितलं.”

मी आत गेले, डब्यात खाली आमटी, वरच्या ताटलीत भाजी घातली, आणि पोळ्यांची चळत फॉइलमध्ये बांधली. काकूंनी दारातच फॉइल सोडलं, पोळ्या बोटांनी मोजल्या आणि बाकीच्या परत केल्या.

“दोन पुरे. तुझा हात सैल आहे. सरकारसारखं मोजून द्यावं, म्हणजे पुन्हा मागता येतं.”

“रोज या,” मी म्हटलं.

“रोज नाही. महिन्याच्या शेवटी.” त्यांनी झाकण दाबून बसवलं. “ऑक्टोबर आला की अर्धी पोळी वाढव. महागाई असते.”

“वाढवीन.”

“आणि जानेवारीत कमी करायची नाही.”

मी हो म्हटलं. एवढं माझ्या हातात होतं.